मे महिन्यात 18, सप्टेंबरमध्ये 9: लातूर जिल्ह्यातल्या एका घराचं ड जीवनसत्त्व

मराठवाड्यात ड जीवनसत्त्व कमी असणारे रुग्ण रोज दिसतात, त्यामुळे नुसती कमतरता सांगण्यासाठी हे प्रकरण लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. रक्त कोणत्या महिन्यात काढलं आणि रुग्णाची त्वचा कशी आहे हे लक्षात घेतल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. एकाच घरातल्या तिघांच्या रिपोर्टवरून हे जितकं स्वच्छ दिसलं, तितकं एकट्यादुकट्या रुग्णात सहसा दिसत नाही.

रुग्ण आणि तक्रार

वय 41, विवाहित, दोन मुलं. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. घरीच शिलाई मशीनवर ब्लाउज, फॉल-पिकोची कामं करतात. उंची पाच फूट, वजन 71 किलो, रंग काळासावळा. सप्टेंबरच्या शेवटी, महालक्ष्म्या होऊन गेल्यावर दवाखान्यात आल्या. सोबत नवरा आणि धाकटी जाऊ.

त्यांच्याच शब्दांत: "मॅडम, मांड्यातला जीवच गेलाय. खाली बसलं की उठाय येईना. महालक्ष्म्याच्या फुलोऱ्याला बसले, तर हिनं हात देऊन उठवलं. बरगड्या, कंबर, नडग्या सगळंच दुखायलंय."

किती दिवसांपासून, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं ठरलं. "तसं तीन वर्ष झाले. पण उन्हाळ्यात बरं असतंय. पाऊस लागला की हळूहळू सुरू होतंय, दसरा-दिवाळीला पाय शिसावानी जड. शिमग्यानंतर परत हलकं." गावात याला वाताचं दुखणं म्हणत होते. पावसाळी हवेत सांधे धरतात हा समज आपल्याकडे पक्का आहे, म्हणून तिन्ही वर्षं मलम आणि दुखण्याच्या गोळ्यांवर निघाली. मधे कुठेतरी 'ताकदीची' दोन इंजेक्शनंही झाली होती. कशाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि चिठ्ठीही हाती नव्हती.

तपासताना सांधे साफ होते. सूज नाही, गरमपणा नाही. दुखत होती ती हाडं. नडगीच्या हाडावर अंगठ्याने नेमका दाब दिला की चेहरा आक्रसायचा, छातीच्या मधल्या हाडावरही तसंच. जमिनीवर उकिडवं बसवून उठायला सांगितलं, तर आधी हात जमिनीला, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत त्या उभ्या राहिल्या. चालताना दोन्ही बाजूंना किंचित झोल जात होता. कंबर आणि मांड्यांचे मोठे स्नायू दुबळे झाले की हे दिसतं. बोटांची पकड मात्र उत्तम होती, दिवसभर कात्री चालवणारा हात होता तो.

रिपोर्ट

कॅल्शियम 8.6, म्हणजे खालच्या टोकाला पण मर्यादेत. फॉस्फरस 2.3, कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाडांच्या दुखण्यात चढणारं एक एन्झाइम, 218, वाढलेलं. पॅराथायरॉइड हार्मोन 121, दुपटीच्या आसपास वाढलेलं. हिमोग्लोबिन 10.4. क्रिएटिनिन, थायरॉइड, साखर ठीक. ड जीवनसत्त्व, म्हणजे 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, 9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर; 20 तरी हवं.

आकड्यांची ही मांडणी हाडं मऊ पडण्याची, ऑस्टिओमलेशियाची आहे. ड जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र शरीराला घसरू देता येत नाही, कारण हृदय, स्नायू, नसा त्यावर चालतात. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावते. ठेव मोडून घरखर्च भागवावा तसं हे चालतं. बाहेरून पाहणाऱ्याला रक्तातलं कॅल्शियम 'नॉर्मल' दिसतं आणि आतल्या आत हाड रिकामं होत जातं. म्हणूनच "कॅल्शियम तर ठीक आहे" एवढ्यावर अशा रुग्णाला परत पाठवणं धोक्याचं.

दुसरी कारणंही पाहिली. फिटच्या गोळ्या किंवा क्षयाचे उपचार झालेत का (काही फिटच्या गोळ्या आणि रिफाम्पिसिन ड जीवनसत्त्वाचा फडशा वेगाने पाडतात), जुने जुलाब आहेत का, आणि पाणी कुठलं. हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात विसरू नये. नांदेडकडच्या किनवटसारख्या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानेही हाडं दुखतात. या बाईंच्या घरी नळाचं पाणी होतं, दातांवर डाग नव्हते. मुतखड्याचा इतिहास त्यांना नव्हता, नवऱ्याला होता. कॅल्शियमच्या गोळ्या लिहिण्याआधी हे विचारावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या एका आरोग्य शिबिराचा कागद त्यांनी पिशवीतून काढला. त्यावर व्हिटॅमिन डी 18. "थोडं कमी आहे, सकाळचं ऊन घ्या" असं सांगून सोडलेलं. मे महिन्यात 18 आणि सप्टेंबरमध्ये 9. दोन प्रयोगशाळांच्या यंत्रांत आणि पद्धतींत फरक असतो, दोन-तीन नॅनोग्रॅमची तफावत त्यातून येऊ शकते. पण निम्म्यावर येणं तेवढ्याने समजत नाही, आणि तक्रारींचं वर्षभराचं चक्रही त्याच दिशेनं फिरत होतं.

वर्षातला उन्हाळा, अंगावरचा उन्हाळा

उत्तर गोलार्धात वर चढत गेलं की चित्र सोपं असतं. अमेरिकेतलं बॉस्टन साधारण 42 अंश अक्षांशावर आहे; तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका तिरपा असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. उन्हाळ्याअखेरीस पातळी वर, हिवाळ्याअखेरीस तळाला. लातूर 18.4 अंशांवर. इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशीही भर दुपारी तो क्षितिजापासून 48 अंश वर असतो. म्हणजे ऊन कमी पडायला नको. तरीही पडतं, आणि ते कसं हे बाईंच्या दिवसभरातच लपलेलं होतं.

ड जीवनसत्त्व बनतं ते अतिनील-ब किरणांनी, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीच्या. त्वचेतल्या 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉलवर हे किरण पडले की त्याचं पूर्वरूप बनतं, अंगाच्या उष्णतेने काही तासांत-दिवसांत त्याचं डी-3 होतं, मग यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरा संस्कार होऊन ते कामाला लागतं. हे किरण नाजूक असतात. सूर्य तिरपा असला की हवेच्या जाड थरात अडतात. ढगात घटतात. साध्या खिडकीच्या काचेतून तर जवळपास येतच नाहीत.

बाई शिबिरातला सल्ला पाळत होत्या, अगदी मनापासून. पहाटे सहाला धाकट्या जावेबरोबर फिरायला जायच्या आणि साडेसातच्या आत घरी. दिवसभर मशीन खिडकीपाशी, सकाळी दहापासून ऊन अंगावर. "दोन-दोन तास उन्हातच असते की मी!" खिडकीला काच होती, बंद. धूळ येते, कापड खराब होतं म्हणून. अंग तापत होतं, मनाला ऊन घेतल्याचं समाधान मिळत होतं, आणि ज्या किरणांची गरज होती ते काचेबाहेरच राहत होते. कोवळं ऊन चांगलं हा आपला जुना संस्कार आहे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवणं हे मायेचंही आहे आणि मला ते मोडायचं नाही. पण ड जीवनसत्त्वासाठी साडेसातच्या उन्हाचा उपयोग फार थोडा.

मग मे महिन्यात 18 कुठून आले? याचं उत्तर जावेने दिलं. "वाळवणाचं म्हणता का?" शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दोघी जावा गच्चीवर असायच्या. कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, शेवया. घरचं आणि चार घरांची ऑर्डरही. साडेनऊला चीक घेऊन वर जायचं, बारापर्यंत घालत राहायचं, दुपारी दोनदा उलटायला जायचं. बाह्या कोपरापर्यंत, पदर खोचलेला, पाय उघडे. या दीड-दोन महिन्यांनी त्यांना वर्षभराची बेगमी करून दिली होती, पण ती वर्षभर पुरत नव्हती. रक्तातलं 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी दोन-तीन आठवड्यांत अर्ध्यावर येतं. चरबीतला साठा ही घसरण लांबवतो, थांबवत नाही. मेमध्ये 42 अंश तापमान, दहानंतर दारं बंद. मृग लागला की ढग, मग सोयाबीन-उडदाची राखण नवऱ्याकडे, बाई मशीनवर. ऑगस्ट-सप्टेंबरात सणांमुळे ब्लाउजचा ढीग, दिवसभर घरात. सप्टेंबरअखेर तळ. हिवाळ्यात आकाश निरभ्र, पण अंगावर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, आणि उन्हाची वेळ चुकलेली.

म्हणजे आपल्याकडचा ऋतुबदल सूर्यापेक्षा आपल्या दिनक्रमाने जास्त घडतो. कडक उन्हाळा हा अनेक घरांत सर्वात कमी उन्हाचा काळ असतो. ज्यांना वाळवण नाही, शेत नाही, त्यांची पातळी मेमध्येही खालीच असते.

त्वचेचा वाटा

धाकटी जाऊ 34 वर्षांची, गहूवर्णी. एकच चूल, एकच ताट, पहाटेचं फिरणं एक, वाळवण एक. तिला काही त्रास नव्हता, तरी तिच्या आग्रहाने तपासणी केली. सप्टेंबरमध्ये 16 आली. पॅराथायरॉइड आणि फॉस्फेटेज मर्यादेत. बाईंचा नवरा थोडी शेती सांभाळून गवंडीकाम करतो. बायकोइतकाच काळा, तिच्याहून काकणभर जास्तच. त्याचं 29.

त्वचेचे प्रकार सांगायची पद्धत थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1975 मध्ये मांडली. पुढे गडद त्वचेचे प्रकार जोडून ते सहा झाले. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते यावर ती बेतली आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. धाकटी चौथ्यात, थोरली आणि नवरा पाचव्यात. काळ्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तेच अतिनील-ब किरण शोषून घेतं. त्वचेचं रक्षण होतं, म्हणूनच आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी, पण ड जीवनसत्त्व बनायला गोऱ्या त्वचेच्या कित्येक पट वेळ लागतो. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण बाईंनी विचारलं, "मग काळी हाय म्हणून झालं का हे?" तसं नाही. काळी त्वचा ड जीवनसत्त्व बनवू शकते, भरपूर बनवू शकते. तिला फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. नवऱ्याचा 29 हा त्याचा पुरावा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

दिल्लीतल्या लोकांवर झालेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. भरपूर ऊन मिळणाऱ्या सैनिकांची पातळी सगळ्यात चांगली, रुग्णालयात राबणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची अगदी तळाला आणि हिवाळ्यात आणखी खाली. त्वचेतला रंग गेलेल्या लोकांची या दोघांच्या मधे. रंगाचा परिणाम खरा आहे, पण उन्हात घालवलेल्या वेळेचा त्याहून मोठा.

एका घरावरून सगळं सिद्ध होत नाही हेही नोंदवते. थोरली 71 किलो, धाकटी 52. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, त्यामुळे वजनदार माणसाच्या रक्तात ते कमी दिसतं. 16 आणि 9 यातला सगळा फरक रंगाचा नाही. माझा अंदाज, रंग आणि वजन दोन्हींनी मिळून हा फरक पाडला.

उपचार

औषधाचा भाग सरळ होता. ड-3 चं 60,000 युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर दुधातून. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, उपाशीपोटी घेऊ नये. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दोन जेवणांसोबत. आहारात वाटीभर दही, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 600 युनिट ड जीवनसत्त्व सांगितलं आहे. आपल्या भाकरी-वरण-भाजीत ड जीवनसत्त्व जवळपास नसतंच, कॅल्शियमही अपुरं, आणि धान्यातलं फायटेट त्यातलं काही बांधून ठेवतं.

इंजेक्शन दिलं नाही. बाईंची मागणी तीच होती, "एकदाच सहा लाखाचं द्या की." सहा लाख युनिटचं इंजेक्शन मिळतं, काही जण एकावर एक घेतातही, आणि मग कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा असे रुग्ण भरती होतात. आधीची दोन इंजेक्शनं कशाची हेच माहीत नसताना हा धोका घ्यायचा नव्हता. उन्हाचा मात्र अतिरेक होऊन असं कधी होत नाही. जास्तीचं पूर्वरूप त्वचेतच निरुपयोगी पदार्थांत बदलून जातं, शरीराने ती सोय करून ठेवली आहे.

जास्त वेळ गेला तो ऊन शिकवण्यात. घड्याळापेक्षा सावली बघायला सांगितली: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. हा ढोबळ नियम आहे, पण चांगला चालतो. लातूरच्या अक्षांशावर हिशेब मांडला तर मेच्या मध्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपास सुरू होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत राहते. डिसेंबरात मात्र सव्वाअकरा ते दीड, एवढीच. पाच फूट उंचीच्या बाईंची सावली डिसेंबरात भर दुपारीही साडेचार फुटांची पडणार. म्हणून थंडीत सकाळी आठला गच्चीवर बसणाऱ्याच्या हाती ऊब लागते, जीवनसत्त्व फारसं नाही. वेळापत्रक असं ठरलं: उन्हाळ्यात सव्वानऊ ते दहा, त्यानंतर नाही, कारण 42 अंशांत बसवून उष्माघात ओढवायचा नाही. पावसाळ्यात दहा ते दोनमध्ये ढग फाटतील तेव्हा. हिवाळ्यात साडेअकराच्या पुढे. अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस, हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे. चेहरा झाकला तरी चालेल. नुसता चेहरा उन्हाला दाखवून फार काही साधत नाही.

अडचण वेगळीच निघाली. "गच्चीवर पाय उघडे टाकून बसले तर गल्ली काय म्हणंल?" आजूबाजूच्या गच्च्या उंच, सगळ्यांची नजर पडते. असले सल्ले इथेच मरतात. चिठ्ठीवर 'ऊन घ्या' लिहिणाऱ्याला ही गच्ची दिसत नाही. तोडगा जावेनेच काढला. परसात दोन दोऱ्या आडव्या बांधून धुतलेल्या साड्या वाळत टाकायच्या, मधे पाट. तिन्ही बाजूंनी आडोसा, वरून ऊन मोकळं. काज-बटणांचं आणि हेमचं हातशिलाईचं काम तिथेच घेऊन बसायचं ठरलं, म्हणजे वेळ वाया गेल्याची टोचणी नको.

धाकटीला आठवड्याचा डोस दिला नाही. दिवसाला 1000 युनिटची गोळी आणि तोच पाट. नवऱ्याला काहीच नाही. त्याचा आकडा 30 च्या खाली छापून आल्यामुळे कागदावर 'अपुरे' असं लाल अक्षरात होतं, आणि तो त्याने घाबरूनच दाखवला. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये 20 ही बहुतेकांना पुरेशी पातळी मानली, तर एंडोक्राइन सोसायटीने त्याच वर्षी 30. याच सोसायटीने 2024 मध्ये तो 30 चा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणीही नको म्हटलं. सप्टेंबरच्या तळाला 29 असणाऱ्या धडधाकट गवंड्याला औषधाची गरज मला दिसली नाही.

पुढे काय झालं

सहाव्या आठवड्यात बाई हात न टेकता उकिडव्या उठल्या. हाडं दुखायची थांबली ती डिसेंबरात. डिसेंबरअखेरचे आकडे: ड जीवनसत्त्व 34, पॅराथायरॉइड 68, फॉस्फरस 3.2, फॉस्फेटेज 152. फॉस्फेटेज अजून वर होतं. मऊ पडलेलं हाड भरून येताना ते महिनोन्‌महिने वर राहतं, त्यावरून औषध वाढवायचं नसतं. त्यानंतर महिन्याला एक पाकीट आणि परसातलं ऊन चालू ठेवलं.

पुढच्या मेमध्ये तपासणी मुद्दाम केली नाही. वाळवणानंतरचा चांगला आकडा पाहून औषध बंद करायचा मोह होतो, रुग्णालाही आणि डॉक्टरलाही. तपासायचं तर तळाला, म्हणून पुन्हा सप्टेंबरअखेर रक्त घेतलं. थोरली 27, पॅराथायरॉइड आणि फॉस्फेटेज दोन्ही मर्यादेत. धाकटी 24. त्या वर्षी महालक्ष्म्यांचा फुलोरा दोघींनी बसूनच केला. थोरलीचं महिन्याचं पाकीट आता मृग ते संक्रांत एवढंच ठेवलं आहे, कॅल्शियमची गोळी बंद, वजन चार किलोने उतरलंय. पुढचं रक्त येत्या सप्टेंबरमध्ये.